रघुनाथराव पेशवे

रघुनाथराव बाजीराव भट ऊर्फ राघोबादादा (१८ ऑगस्ट १७३४ – ११ डिसेंबर १७८३) हे थोरले बाजीराव पेशवे आणि काशीबाई यांचे पुत्र, नानासाहेब पेशव्यांचे धाकटे बंधू आणि मराठेशाहीतील एक प्रमुख सेनानी होते. उत्तर हिंदुस्थानातील त्यांच्या मोहिमेत मराठी फौजा दिल्ली व लाहोर ओलांडून सिंधू नदीवरील अटकेपर्यंत पोचल्या. पुतणे नारायणराव यांच्या खुनानंतर १७७३ मध्ये त्यांना काही महिने पेशवेपद मिळाले. परंतु पुण्यातील कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध उभारलेल्या बारभाईंच्या कारस्थानामुळे त्यांना पुणे सोडावे लागले. १७७५ मध्ये ते गुजरातच्या किनाऱ्यावरून समुद्रमार्गे सुरतेस जाऊन इंग्रजांच्या आश्रयास राहिले आणि पुढे १७७६ मध्ये मुंबईस आले. त्यांना आश्रय द्यावा की नाही, या प्रश्नावरून पुणे, मुंबई, कलकत्ता आणि लंडन या चार ठिकाणी आठ वर्षे वाद चालला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचे (१७७५–१७८२) ते एक मुख्य कारण ठरले. या युद्धातील दोन महत्त्वाच्या चढाया आजच्या रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यातून, बोरघाटाच्या वाटेने झाल्या.

पूर्वायुष्य

रघुनाथरावांचा जन्म साताऱ्याजवळ माहुली येथे झाला. वयाच्या सहाव्या वर्षी, १७४० मध्ये, त्यांचे पितृछत्र हरपले. थोरले बंधू नानासाहेब पेशवेपदावर आले आणि त्यांच्या देखरेखीखाली रघुनाथरावांचे शिक्षण झाले. त्यांचा पहिला विवाह बर्वे घराण्यातील जानकीबाई यांच्याशी झाला होता. जानकीबाईंच्या निधनानंतर १७५६ मध्ये ओक घराण्यातील आनंदीबाई यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. दत्तक पुत्र अमृतराव, तसेच आनंदीबाईंपासून झालेले दुसरे बाजीराव व चिमाजी आप्पा हे त्यांचे पुत्र होत.

उत्तरेतील मोहिमा

१७५३ मध्ये अहमदाबाद जिंकून रघुनाथरावांनी गुजरातेत पेशव्यांची सत्ता दृढ केली. त्यानंतरच्या उत्तरेच्या स्वारीत १७५४ मध्ये त्यांनी सुरजमल जाटाच्या कुंभेरी किल्ल्याला वेढा दिला. या वेढ्यात मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव कामी आले.

१७५७ मध्ये ते पुन्हा उत्तरेत गेले. त्या वर्षी मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि नजीबखान रोहिल्याला तेथून हुसकावले. १७५८ च्या वसंतात सरहिंद व लाहोर हस्तगत झाले आणि मराठी पथके अटकेपर्यंत गेली. अटकेपार झेंडे लावणे हा मराठीतील वाक्प्रचार या मोहिमेच्या स्मृतीतून रूढ झाला. मोहीम पराक्रमाची असली तरी तिच्यातून राज्याला आर्थिक लाभ झाला नाही, उलट कर्ज वाढले. जिंकलेल्या पंजाबात पुरेशी फौज आणि स्थिर व्यवस्था न ठेवता रघुनाथराव दक्षिणेत परतले, असा आक्षेप इतिहासकार घेतात. पुढच्याच वर्षी अहमदशहा अब्दालीने पंजाब परत घेतला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतचा संग्राम झाला.

माधवरावांशी संघर्ष

पानिपतच्या आघातानंतर २३ जून १७६१ रोजी नानासाहेबांचे निधन झाले. सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले आणि चुलते म्हणून कारभाराची सूत्रे प्रथम रघुनाथरावांकडे राहिली. माधवराव स्वतः राज्यकारभारात लक्ष घालू लागताच दोघांत वितुष्ट आले. १७६२ मध्ये रघुनाथरावांनी निजामाचे साहाय्य घेऊन पुतण्यावर चढाई केली. आळेगावच्या लढाईनंतर घरातील कलहाने राज्य बुडू नये म्हणून माधवराव स्वतः चुलत्यांच्या स्वाधीन झाले. पुढच्या वर्षी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, राक्षसभुवन येथे निजामाविरुद्ध दोघे एकत्र लढले. त्या विजयानंतर माधवरावांचे वर्चस्व प्रस्थापित झाले.

रघुनाथरावांची राज्यवाटणीची मागणी मात्र थांबली नाही. जून १७६८ मध्ये नाशिकच्या उत्तरेकडील धोडप किल्ल्याजवळ माधवरावांनी त्यांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांचे क्षयरोगाने निधन झाले.

नारायणरावांचा खून

माधवरावांनंतर त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात सुमेरसिंग व इतर गारद्यांनी त्यांचा खून केला. नारायणरावांना पकडण्याच्या हुकुमात रघुनाथरावांची संमती होती, असे बहुतेक इतिहासकार मानतात. पकडण्याच्या हुकुमातील एक अक्षर आनंदीबाईंनी बदलले आणि त्याचा अर्थ ठार मारण्याचा झाला, ही कथा लोकांत फार प्रसिद्ध आहे. 'ध' चा 'मा' करणे हा वाक्प्रचार तिच्यातूनच आला. या कथेला निर्णायक लेखी आधार मिळालेला नाही.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाची चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि त्यांच्या राज्यात न राहण्याचा निर्णय घेऊन पुणे सोडले. रघुनाथराव पेशवेपदावर आले, पण या निवाड्यामुळे त्या पदाची नैतिक बैठक ढासळली. पुढे परराज्यात आश्रय मागताना आपण राज्याचे हक्कदार आहोत असे ते म्हणत, तर पुण्याचे कारभारी त्यांना खुनाचे आरोपी मानत. आश्रयाच्या वादाचे मूळ या दोन भूमिकांत होते.

बारभाईंचे कारस्थान

रघुनाथराव कर्नाटकाकडे स्वारीवर असताना सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्रिंबकरावमामा पेठे आदी कारभाऱ्यांनी एकत्र येऊन नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाई यांच्या नावाने कारभार हाती घेतला. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर गंगाबाईंना पुत्र झाला. तेच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या या बालकास पेशवेपदाची वस्त्रे देण्यात आली.

त्यापूर्वी मार्च १७७४ मध्ये पंढरपूरजवळ कासेगाव येथे रघुनाथरावांनी त्रिंबकराव पेठे यांचा पराभव केला होता. त्रिंबकराव या लढाईत जबर जखमी होऊन मरण पावले. हा विजय टिकवण्याइतके सरदार मात्र रघुनाथरावांच्या बाजूस राहिले नाहीत. ते बऱ्हाणपूर व माळव्याच्या वाटेने गुजरातेत उतरले. आनंदीबाई गरोदर असल्याने त्यांना धारच्या किल्ल्यात ठेवावे लागले. तेथे जानेवारी १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला.

समुद्रमार्गे सुरतेस

इंग्रजांशी रघुनाथरावांची बोलणी १७७४ पासूनच चालू होती. मुंबईचे गव्हर्नर विल्यम हॉर्नबी आणि त्यांचे कौन्सिल यांना मुंबई बेटाच्या संरक्षणासाठी साष्टी व वसई हवी होती. रघुनाथराव हे प्रदेश देण्यास तयार नव्हते. बोलणी अडली असतानाच डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टीचा ताबा मिळवला. अर्थात, आश्रयाचा प्रश्न पुढे येण्यापूर्वीच मुंबईकरांचा प्रादेशिक हेतू उघड झाला होता.

फेब्रुवारी १७७५ मध्ये मही नदीच्या परिसरात हरिपंत फडक्यांच्या फौजेने रघुनाथरावांचा पुरता पराभव केला. थोड्या स्वारांनिशी ते खंबायतेकडे निसटले. तेथील इंग्रज वखारीचे प्रमुख चार्ल्स मॅलेट यांनी त्यांना भावनगरकडे जाण्यास मदत केली. भावनगरहून जहाजाने ते सुरतेस पोचले. अटकेच्या मोहिमेचा सेनापती सतरा वर्षांनंतर फौज, खजिना आणि कुटुंब यांवाचून परकीयांच्या वखारीत आश्रयास आला.

मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. इंग्रजांनी २,५०० सैनिकांची मदत द्यावी आणि त्यांच्या खर्चासाठी रघुनाथरावांनी दरमहा दीड लाख रुपये द्यावेत, असे ठरले. तारण म्हणून सहा लाख रुपयांचे जडजवाहीर इंग्रजांकडे ठेवण्यात आले. साष्टी व वसई कायमची देण्याचे रघुनाथरावांनी मान्य केले. शिवाय भडोच व सुरत भागातील महसुलाचा हिस्साही द्यायचा होता. आधी नाकारलेल्या बहुतेक अटी आता त्यांनी स्वीकारल्या. वाटाघाटीत देण्यासारखे त्यांच्याजवळ दुसरे काही उरले नव्हते.

कर्नल थॉमस कीटिंग यांच्या इंग्रज फौजेसह रघुनाथरावांनी पुन्हा गुजरातेत मोहीम उघडली. १८ मे १७७५ रोजी अडास येथे हरिपंत फडक्यांशी लढाई झाली. इंग्रजांनी विजयाचा दावा केला. तथापि त्यांची हानी मोठी होती आणि पुण्याचा मार्ग खुला झाला नाही.

आश्रयाचा वाद आणि पुरंदरचा तह

१७७३ च्या नियामक कायद्याने मुंबई व मद्रास येथील कंपनी सरकारांवर कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलची देखरेख आली होती. त्याच्या संमतीवाचून युद्ध किंवा तह करण्याचा अधिकार मुंबईस राहिला नव्हता. वॉरन हेस्टिंग्ज व त्यांच्या कौन्सिलने सुरतेचा तह अवैध ठरवला आणि कर्नल जॉन अप्टन यांना पुणे दरबाराशी बोलणी करण्यास पाठवले. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. रघुनाथरावांनी फौज मोडून गोदावरीकाठी कोपरगाव येथे राहावे, त्यांना दरमहा २५,००० रुपये, १,००० स्वारांचा पहारा व स्वतः निवडलेले २०० सेवक मिळावेत, आणि इंग्रजांनी त्यांना यापुढे साहाय्य करू नये, अशी कलमे त्यात होती. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.

रघुनाथरावांनी हा तह नाकारला. पहाऱ्यातील वास्तव्य म्हणजे शत्रूच्या हातातील कैद होय आणि तेथे आपल्या जिवाची शाश्वती नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांनाही पत्र पाठवून आपली बाजू मांडली.

या टप्प्यावर वादातील भूमिका स्पष्ट झाल्या. मुंबई कौन्सिलच्या मते तहाने लष्करी साहाय्याची मनाई केली होती. जिवाच्या रक्षणासाठी आसरा देणे ही वेगळी गोष्ट होती. ज्याला एकदा अभय दिले त्याला संकटात सोडल्यास हिंदुस्थानातील कोणीही सत्ताधीश इंग्रजांच्या शब्दावर विसंबणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कलकत्त्याचे मत उलट होते. गादीचा दावेदार शेजारच्या राज्याच्या सरहद्दीवर ठेवून घेणे म्हणजे त्या राज्यास सतत चिथावणे होय, आणि असा आश्रय शांततेच्या तहाशी सुसंगत नाही, असे तेथील बहुमत मानत होते. पुणे दरबाराचा आक्षेप अधिक कठोर होता. ज्याच्यावर राज्याच्या धन्याच्या खुनाचा ठपका आहे, तो शरणागत म्हणून पाहुणचारास पात्र नाही. त्यास ठेवून घेणारा स्वतः वैरी ठरतो, अशी नाना फडणवीसांची भूमिका होती. शरण आलेल्यास पाठीशी घालण्याचा आदर्श मराठी राजनीतीलाही परका नव्हता. हा माणूस त्या आदर्शात बसतो का, एवढाच पुण्यासमोरचा प्रश्न होता.

लंडनमधील कंपनीच्या संचालकांनी या गोंधळात भर घातली. त्यांनी सुरतेच्या तहास अनुकूल असलेला खलिता धाडला. पुरंदरचा तह होऊन गेल्यावर, १७७६ च्या पावसाळ्यात, तो हिंदुस्थानात पोचला. त्या काळी पत्र जाऊन उत्तर येण्यास अनेक महिने लागत. त्यामुळे एका आश्रिताच्या बाबतीत कंपनीच्या दोन सरकारांजवळ परस्परविरोधी आधार तयार झाले आणि मुंबईकरांना आपले धोरण पुढे रेटण्यास बळ मिळाले.

मुंबईतील वास्तव्य

१७७६ च्या उत्तरार्धात रघुनाथराव सुरत परिसर सोडून दमणकडे व तेथून तारापूरकडे आले. तेथे ते इंग्रजांच्या जहाजावर चढले आणि नोव्हेंबर १७७६ मध्ये मुंबईस उतरले. मुंबई सरकारने त्यांना राहण्यास जागा व मासिक नेमणूक दिली. मलबार टेकडीवर त्यांचे वास्तव्य होते. वाळकेश्वराजवळील श्रीगुंडी या खडकाच्या फटीतून गेल्यास पाप नष्ट होते, अशी त्या काळी श्रद्धा होती. नारायणरावांच्या हत्येचे प्रायश्चित्त म्हणून रघुनाथराव त्या फटीतून गेल्याचे सांगितले जाते.

त्याच सुमारास घडलेली दुसरी घटना तुलनेसाठी उल्लेखनीय आहे. पानिपतावर नाहीशा झालेल्या सदाशिवरावभाऊंचे सोंग घेतलेला एक तोतया १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटला. त्याने कोकणाचा बराच भाग काबीज केला आणि आजच्या कर्जत तालुक्याच्या माथ्यावरील राजमाचीपर्यंत मजल मारली. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांच्या फौजांनी त्याचा मोड केला. तो आश्रयासाठी जलमार्गे मुंबईकडे निघाला. परंतु कुलाब्याचे रघूजी आंग्रे यांनी त्यास पकडून पुण्याच्या स्वाधीन केले आणि तेथे त्याला देहान्त शिक्षा झाली. एकाच हंगामात कोकण किनाऱ्यावरून दोन पळालेले पुरुष मुंबईच्या दिशेने निघाले. उपयुक्त दावेदार म्हणून एकास जागा मिळाली, दुसऱ्याला किनाराही लाभला नाही.

१७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच मनुष्य चौलच्या बंदरात उतरून पुण्यास आला. नाना फडणवीसांनी त्याचा सत्कार केला. अमेरिकेतील वसाहतींचे युद्ध चालू असल्याने फ्रान्सशी इंग्रजांचे संबंध बिघडत होते. पश्चिम किनाऱ्यावर फ्रेंचांना बंदर मिळेल, या भीतीने कलकत्त्याचे धोरणही बदलले आणि रघुनाथरावांचा उपयोग करून घेण्याच्या योजनेस जोर आला. पुण्यात सखारामबापू व मोरोबा फडणीस यांचा गट त्यांना अनुकूल झाला होता. तथापि १७७८ मध्ये नानांनी मोरोबास कैद करून हा गट मोडला.

बोरघाट आणि वडगाव

मुंबई कौन्सिलने तरीही रघुनाथरावांना पुण्यास नेण्याचा निर्णय घेतला. सवाई माधवरावांचे पेशवेपद कायम ठेवून त्यांच्या अल्पवयात रघुनाथरावांनी कारभार पाहावा, अशी नवी योजना होती. नोव्हेंबर १७७८ मध्ये सुमारे ३,९०० सैनिक मुंबईहून निघाले. कर्नल चार्ल्स एगर्टन हे सेनापती होते आणि जॉन कारनॅक व टॉमस मॉस्टिन यांच्यासह तिघांची समिती मोहिमेवर नेमलेली होती. मॉस्टिन आजारी पडून लवकरच परतले व मुंबईस मरण पावले.

ही फौज पनवेलजवळ उतरली. तेथून खालापूर-खोपोलीच्या मार्गाने बोरघाट चढून खंडाळ्यास जायचे होते. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट यांनी आघाडीच्या तुकडीसह घाटमाथा आधीच ताब्यात घेतला होता. मुख्य फौजेस मात्र तोफा आणि सामान घाटावर चढवण्यास जवळजवळ महिना लागला. सामानासाठी हजारो बैल होते आणि दिवसाकाठी दोन-तीन मैलांपेक्षा अधिक मजल होत नव्हती. या दिरंगाईत पुणे दरबारास सैन्य जमवण्यास पुरेसा अवधी मिळाला. रघुनाथराव घाट चढताच मराठा सरदार त्यांना येऊन मिळतील, ही इंग्रजांची अपेक्षाही फोल ठरली.

४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ स्टुअर्ट तोफेचा गोळा लागून ठार झाले. मराठ्यांनी त्यांच्या धाडसाचे कौतुक करून त्यांना इष्टूर फाकडा असे नाव दिले होते. ९ जानेवारीस फौज तळेगावास पोचली, तेव्हा मराठ्यांनी गाव जाळून रिकामे केले होते. पुणे तेथून फक्त अठरा मैल होते. परंतु दाणागोटा संपत आला होता. ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात टाकून इंग्रज माघारी निघाले. वडगाव येथे महादजी शिंदे व इतर सरदारांच्या फौजांनी त्यांना वेढले.

मराठ्यांची पहिली मागणी होती ती रघुनाथरावांना स्वाधीन करण्याची. ज्या आश्रिताच्या सुरक्षिततेखातर चार वर्षे वाद घातला, त्याला देऊन फौज वाचवायची का, हा पेच समितीपुढे उभा राहिला आणि समितीने ती मागणी मान्य केली. हा व्यवहार पुरा होण्यापूर्वी रघुनाथरावांनी स्वतःच महादजींशी संधान बांधले आणि ते त्यांच्या छावणीत गेले. आश्रयदात्याने शत्रूच्या हाती देण्यापेक्षा आपण निवडलेल्या शत्रूकडे जाणे त्यांना अधिक सुरक्षित वाटले. १७७३ नंतर घेतलेला सर्व प्रदेश परत करण्याचा करार इंग्रजांनी वडगाव येथे केला. मुंबई व कलकत्ता या दोन्ही सरकारांनी तो पुढे नाकारला.

पुन्हा सुरत आणि युद्धाचा शेवट

रघुनाथरावांची रवानगी झाशीकडे करण्यात आली. १७७९ च्या उन्हाळ्यात वाटेत नर्मदेच्या परिसरातून ते निसटले आणि गुजरातेत जनरल थॉमस गॉडर्ड यांच्या आश्रयास गेले. या सुटकेस महादजींची मूक संमती होती काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. रघुनाथराव आणि साष्टी या दोन्ही परत मिळाल्याशिवाय बोलणी होणार नाहीत, असे नाना फडणवीसांनी कळवले. गॉडर्ड यांनी नकार दिला व युद्ध पुन्हा पेटले.

१७८० मध्ये अहमदाबाद व वसई इंग्रजांनी घेतली. फेब्रुवारी १७८१ मध्ये गॉडर्ड यांनी बोरघाट काबीज करून पायथ्याशी खोपोली येथे तळ दिला. या वेळी रघुनाथराव त्यांच्याबरोबर नव्हते. घाटावर हरिपंत फडके व तुकोजी होळकर, तर कोकणात परशुरामभाऊ पटवर्धन यांनी इंग्रजांना जेरीस आणले. पनवेल ते खोपोली या टापूतून जाणारे रसदेचे तांडे वारंवार लुटले गेले. एप्रिलमध्ये गॉडर्ड पनवेलकडे परतले. या माघारीत त्यांचे चारशेहून अधिक सैनिक मारले गेले वा जखमी झाले.

दरम्यान रघुनाथरावांचे वकील हनुमंतराव आणि मनुआर रतनजी हे पारशी गृहस्थ लंडनला गेले होते. १७८१ मध्ये संसदपटू एडमंड बर्क यांनी त्यांना आपल्या बीकन्सफील्ड येथील घरी ठेवून घेतले आणि ब्राह्मण वकिलास स्वयंपाक व स्नानसंध्या यांसाठी स्वतंत्र जागा दिली. इंग्लंडमध्ये व्यक्तिगत आदरातिथ्य मिळाले; रघुनाथरावांचा दावा मात्र तेथे मान्य झाला नाही.

१७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. सवाई माधवराव हेच पेशवे असल्याचे इंग्रजांनी मान्य केले. रघुनाथरावांनी चार महिन्यांत राहण्याचे ठिकाण निवडावे, त्यानंतर इंग्रजांनी त्यांना कोणतीही मदत देऊ नये, आणि ते स्वेच्छेने महादजींकडे गेल्यास त्यांना दरमहा २५,००० रुपये मिळावेत, असे ठरले. साष्टी इंग्रजांकडे राहिली. सहा वर्षांपूर्वी पुरंदरला ठरलेली रक्कम आणि तोच प्रदेश याही तहात होता; मधल्या काळात हजारो माणसे मेली होती.

अखेरचे दिवस

१७८३ मध्ये रघुनाथराव सुरत सोडून गोदावरीकाठी कोपरगाव येथे राहावयास गेले. पुरंदरच्या तहात नाकारलेले ठिकाणच अखेर त्यांच्या वाट्यास आले. तेथे ११ डिसेंबर १७८३ रोजी, वयाच्या पन्नाशीपूर्वीच, त्यांचे निधन झाले. आनंदीबाई त्या वेळी गरोदर होत्या; चिमाजी आप्पांचा जन्म १७८४ मध्ये झाला. पुढे आनंदीबाईंचा काळ नाशिकजवळील आनंदवल्ली येथे देखरेखीखाली गेला आणि १७९४ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या मुलांनाही अनेक वर्षे नजरकैदेत काढावी लागली.

परिणाम आणि मूल्यमापन

रघुनाथराव शूर होते, सढळ हाताचे होते. परंतु निर्णयात अस्थिर आणि सल्लागारांच्या आहारी जाणारे होते, असे सर्वसाधारण मत आहे. गृहकलहात परकीय सत्तेला ओढल्याचा दोष मराठी इतिहासलेखनात त्यांना दिला जातो. या दोषारोपात एक बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. आश्रय देणाऱ्या मुंबई सरकारच्या धोरणाचा आधार करुणा हा नव्हता. साष्टी व वसई यांची गरज हा होता. आश्रिताची किंमत त्याच्या उपयुक्ततेवर ठरली आणि उपयोग संपताच तहाच्या एका कलमाने आश्रय संपला. दुसऱ्या बाजूस, पुण्याच्या कारभाऱ्यांची मागणीही निराधार नव्हती. खुनाचा ठपका असलेला आणि राज्यावर फौज आणणारा पुरुष केवळ निराश्रित म्हणून पाहणे त्यांना शक्य नव्हते.

या प्रकरणाची पुनरावृत्ती पुढच्या पिढीत झाली. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसर येथे पराभव केल्यावर दुसरे बाजीराव पुणे सोडून महाडमार्गे कोकण किनाऱ्यावर गेले, इंग्रजांच्या जहाजातून वसईस पोचले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी वसईचा तह केला. पित्याला आश्रयापोटी साष्टी द्यावी लागली. पुत्राला स्वातंत्र्य द्यावे लागले. १८१८ मध्ये पेशवाई संपली.

स्मृती

नारायणरावांचा खून व त्यानंतरचा न्याय या विषयावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'भाऊबंदकी' हे नाटक (१९०९) आणि प्रभात फिल्म कंपनीचा 'रामशास्त्री' हा चित्रपट (१९४४) प्रसिद्ध आहेत. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (१९६२) या कादंबरीत माधवरावांच्या संदर्भात रघुनाथरावांचे व्यक्तिचित्रण येते. वडगाव मावळ येथे इष्टूर फाकड्याचे स्मारक आहे. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव व महादेवाचे मंदिर आहे. १७८१ मध्ये गॉडर्डचा तळ याच परिसरात पडला होता. घाटातून १८६३ मध्ये लोहमार्ग सुरू झाला आणि पनवेल-खालापूरची जुनी लष्करी वाट पुढे मुंबई-पुणे रस्त्यात मिसळली.